जावक क्रमांक २३१६

गुडघेदुखीच्या गोळ्यांची ती पहिली मेल आली तेव्हा चिरिनोससाहेबांनी ती मुकाट्यानं पुसून टाकली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण मुकाट्यानं काही पुसून टाकणं नेमेसिओ चिरिनोस यांच्या रक्तात नव्हतं. नगरपालिकेच्या आवक-जावक खिडकीवर चौतीस वर्षं बसलेला माणूस. आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, क्रमांकावर शिक्का मारायचा, आणणाऱ्याला पोच द्यायची आणि मुदतीत उत्तर धाडायचं. निवृत्तीनंतर दाढी दोन दिवसांआड झाली, पण या गोष्टी रोजच्या रोज चालू राहिल्या.

त्यात आमच्याकडचा कायदा असा, की काही अर्जांवर कचेरीनं तीस कामकाजी दिवस तोंडच उघडलं नाही, तर अर्ज मंजूर झाला असं समजायचं. आमच्या आरेकिपा शहरात अशा गप्प बसण्यातून कितीतरी गच्च्या बांधल्या गेल्या आहेत, आणि आमच्या कोपऱ्यावरचं कोंबडी भाजायचं हॉटेल तर सबंध तसंच उभं राहिलंय. तेव्हा चिरिनोससाहेबांनी हिशेब केला: आपण गप्प बसलो आणि तीस दिवसांनी गोळ्यांचं खोकं दारात येऊन पडलं तर? त्यांनी विल्बेरच्या इंटरनेटच्या दुकानात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, दोन बोटांनी टाइप करत उत्तर लिहिलं. ‘आपले पत्र पावले. निम्नस्वाक्षरीकाराचे दोन्ही गुडघे सुस्थितीत असल्याने आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही. कळावे.’ मग खिशातली वही काढून जावक क्रमांक एक टाकला.

दुसऱ्या दिवशी चार मेल आल्या.

आता कुणी म्हणेल, निवृत्त माणसाला हवी कशाला मेल? तर त्याचं कारण दोमितिलाबाई. दोमितिला येरेना त्याच कचेरीत अभिलेख कक्षात होत्या. चिरिनोससाहेब कागद घ्यायचे आणि दोमितिलाबाई तो पुरायच्या, असं बावीस वर्षं चाललं. साहेबांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, बाईंचा नवरा त्याआधीच गेला होता. दोघांची घरं एकाच गल्लीत. दर मंगळवारी बाई चाइरोचं पातेलं घेऊन यायच्या. मंगळवारी आमच्याकडे तेच सूप करतात, मटणाचं आणि वाळवलेल्या बटाट्याचं. साहेब पातेलं घासून बुधवारी परत करायचे. गल्लीनं त्यांचं लग्न मनातल्या मनात केव्हाच लावून टाकलं होतं, पण साहेबांना शब्द फुटत नव्हता.

शेवटी एप्रिलमध्ये बाई दूर ताक्ना शहरात मुलाकडे, राउलकडे, राहायला निघाल्या तेव्हा साहेबांनी बस स्टँडवर त्यांच्या हातात लग्नाचा अर्ज दिला. दोन प्रतींत. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.

बाईंनी चष्मा लावला, अर्ज वाचला, साहेबांकडे पाहिलं आणि सही केली. सहीखाली लिहिलं, ‘पोच दिली म्हणजे मंजुरी दिली असे नव्हे.’ शेवटी त्याही कचेरीतल्याच.

‘‘मी विचार करून कळवीन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मेलनं कळवीन. फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता आणि मला कळत नाही माणूस आहे की लाइन गेली.’’

तेव्हापासून साहेब रोज दहा ते बारा विल्बेरच्या दुकानात उत्तराची वाट बघत बसायचे. आपण होऊन विचारायची सोय नव्हती. ‘माझ्या फायलीचं काय झालं’ म्हणत खिडकीशी घोटाळणाऱ्या अर्जदारांचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता. आता आपणच तगादा कसा लावणार?

मे संपेपर्यंत रोज चाळीस मेल यायला लागल्या. केस उगवणारं तेल, न चिकटणारी सात भांडी, पाच दिवसांत नेतृत्व शिकवणारा वर्ग, एकट्या राहणाऱ्या रशियन मुली. साहेबांनी एकूणएक पत्राला उत्तर दिलं. रशियन मुलींना तर त्यांनी वयाचा दाखला जोडून नम्रपणे कळवलं की निम्नस्वाक्षरीकाराचा एक अर्ज अन्यत्र प्रलंबित असल्याने दुसरे प्रकरण विचारात घेता येत नाही.

‘‘अहो साहेब, उत्तर देऊ नका हो,’’ विल्बेर कळवळून म्हणाला. विल्बेर पन्नाशीचा, पोट सुटलेला, आणि सगळ्या गल्लीचा संगणकतज्ज्ञ. त्याच्याइतकंही येणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. ‘‘हे लोक अंधारात दगड मारतात. शंभर घरांतून आवाज येत नाही. एका घरातून तुम्ही ‘कोण आहे, आपलं नाव काय, क्रमांक घ्या’ म्हणून ओरडता. मग सगळे दगड तुमच्याच घरावर येणार ना?’’

‘‘आणि गप्प बसलो आणि मंजूर झालं तर?’’

‘‘काय मंजूर होईल?’’

‘‘ते झाल्यावरच कळतं,’’ साहेब म्हणाले. चौतीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

गल्लीत बातमी फुटली आणि सल्ल्यांना ऊत आला. मारुहाबाईंच्या किराणा दुकानात पाव घ्यायला गेलं की सल्ला फुकट मिळतो, नको म्हटलं तरी मिळतो. मारुहाबाई म्हणाल्या, ‘‘विक्रेते दारावर आले की मी आतून भुंकते. गेल्या सहा वर्षांत एकानं घंटा वाजवली नाही. तुमच्या त्या यंत्राला भुंकता येत नाही का?’’ औषधांच्या दुकानदाराचं मत, पत्ताच बदलून टाका. त्यावर साहेब इतके पांढरे पडले की त्यानंच त्यांना पाणी दिलं. तो पत्ता बाईंच्या डायरीत साहेबांच्याच हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. तो बदलायचा म्हणजे टपालपेटी उपटून नेण्यासारखं झालं.

मग विल्बेरनं उपाय काढला. प्रत्येक मेलच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, ‘यादीतून नाव कमी करा’ असं असतं. त्यावर टिचकी मारायची. साहेबांना हे फार आवडलं, कारण टिचकी मारली की फॉर्म येत होता. एका फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना होता. साहेबांनी घरी बसून कच्चा मसुदा केला, दोनशे दहा शब्दांचा, आणि दुसऱ्या दिवशी टाइप करायला घेतला. यंत्रानं पन्नास अक्षरांवर दार लावलं. वाक्य ‘सदर यादीत माझे नाव माझ्या लेखी संमतीवाचून’ इथे तुटलं. क्रियापदावाचून सही करून द्यायची पाळी त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती.

आणि त्याखाली यंत्रानं विचारलं, ‘आपण यंत्रमानव नाही ना?’

साहेबांनी तो प्रश्न दोनदा वाचला. ज्या माणसाच्या सहीवाचून नगरपालिकेत पान हलत नव्हतं, त्यानं आता आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं, आणि ते नऊ चित्रांतले रस्त्यावरचे सिग्नल ओळखून. एका चित्रात नुसता खांब होता. विल्बेर म्हणाला, खांब धरू नका. साहेब म्हणाले, नगरपालिकेच्या मालमत्ता नोंदीत खांब आणि दिवे एकाच बाबीखाली येतात, मी स्वतः त्या नोंदी स्वीकारल्या आहेत. त्यांनी खांब धरला. यंत्रानं त्यांना यंत्रमानव ठरवलं. असं चार वेळा झालं. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

टिचक्या मारून मेल कमी व्हाव्यात, तर त्या दिवसाला तीनशेवर गेल्या. तेव्हा त्यांनी ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत जायचं ठरवलं. कोट घातला, बूट पुसले, एकसष्ट पानांची तक्रार परिशिष्टांसह दोन प्रतींत बांधली. त्यांना खिडकी बघायची होती. खरं सांगायचं तर त्यांना खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहूनही बरंच वाटलं असतं. पण खिडकीच्या जागी फलक होता आणि फलकाखाली एक मुलगी होती.

‘‘आजोबा, आता कागद घेत नाही आम्ही. मेलनं पाठवा.’’

‘‘माझी तक्रार मेलविरुद्धच आहे.’’

‘‘हो, तीच मेलनं पाठवा.’’

विल्बेरनं एकसष्ट पानं एकेक करून यंत्राला दाखवली आणि पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आलं: आपण ज्यांना लिहिले त्यांची पेटी भरली आहे. सायंकाळी त्याच कचेरीकडून दुसरी मेल आली: आमच्या सेवेने आपण किती समाधानी आहात, एक ते पाच तारे द्या. साहेबांनी त्यालाही उत्तर दिलं. ते इथे देत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी विल्बेरनं घाबरून सांगितलं, ‘‘साहेब, तुमची स्वतःची पेटी काठोकाठ आलीय. दोन दिवसांत भरेल. मग येणारी पत्रं आल्या पावली परत जातील. सगळ्यांची.’’

‘‘सगळ्यांची?’’

‘‘ताक्नाचीसुद्धा,’’ विल्बेर म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं. सगळ्या गल्लीलाच माहीत होतं.

साडेतेवीसशे पत्रं पडून होती. एकेकाला उत्तर द्यायचं तर नाताळ उजाडला असता. विल्बेर म्हणाला, सगळी पुसून टाकू. साहेब म्हणाले, निर्णयाशिवाय कागद नष्ट करणं हा गुन्हा आहे. दोघांची बराच वेळ हुज्जत झाली आणि शेवटी तडजोड निघाली: सगळ्यांना एकच उत्तर एका दमात जाईल, क्रमांक यंत्र नव्यानं एकपासून आपोआप घालेल, आणि मग पेटी रिकामी करायची. मसुदा साहेबांनी सांगितला, विल्बेरनं टाइप केला.

‘आपल्या अर्जाचा साधकबाधक विचार करण्यात आला. अर्जात कोणतेही तथ्य आढळून येत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येऊन प्रकरण कायमचे दप्तरी दाखल करण्यात येत आहे. याउपर पत्रव्यवहार करू नये.’

पाठवण्याआधी साहेबांनी पाठवणाऱ्यांच्या नावांची यादी वरपासून खालपर्यंत, बोट लावून, दोनदा तपासली. दोमितिला नाव कुठेच नव्हतं. त्यांनी सुस्कारा टाकला, आणि त्यात थोडं दुःखही होतं. मग स्वतःच्या बोटानं कळ दाबली. सगळी यादी विल्बेरनं छापून दिली, ती त्यांनी काखोटीला मारली. साडेतेवीसशे प्रकरणं एका दुपारी निकाली. असा दिवस कचेरीतसुद्धा उगवला नव्हता. त्या संध्याकाळी मारुहाबाईंच्या दुकानात त्यांनी विल्बेरला बडीशेपेची दारू पाजली आणि स्वतः दोन पेले घेतले.

शुक्रवार आणि शनिवार पेटी शांत होती. सोमवारी सकाळी साहेब पाव घ्यायला गेले, तर मारुहाबाईंनी पाव हातात न देता काउंटरवर ठेवला.

‘‘दोमितिलाचा फोन आला होता. आवाज असा होता, की मला शाल घ्यावीशी वाटली. म्हणाली, चिरिनोसना विचार, दोन हजार तीनशे सोळा म्हणजे काय.’’

साहेब पाव तिथेच टाकून घरी पळाले. त्या वयात आणि त्या चढावर त्यांना पळताना आम्ही प्रथमच पाहिलं. त्यांनी यादी उलगडली. २३१४, तव्यांची कंपनी. २३१५, लॉटरी. २३१६, ‘संपूर्ण सौंदर्य, ताक्ना’. विषय: काही विचारायचे आहे.

विल्बेरनं पुसलेल्या पत्रांच्या ढिगातून ते पत्र उकरून काढलं. संपूर्ण सौंदर्य ही बाईंची सून. ती घरोघर कॅटलॉग दाखवून क्रीम आणि लिपस्टिक विकते, आणि घरात मेलचा पत्ता तेवढा एकच, तिच्या धंद्याचा.

‘नेमेसिओ, सूनबाईच्या पत्त्यावरून लिहितेय. तुमचा अर्ज चार महिने माझ्या उशाशी आहे. राउल म्हणतो, आरेकिपातलं घर भाड्यानं देऊन टाक, भाडेकरू आलाय, पुढच्या शनिवारी करार करू. इथे मला काही कमी नाही. पण इथे माझं चाइरो कुणी दुसऱ्यांदा मागत नाही, आणि संध्याकाळी मी टीव्हीशी बोलते. सही करायच्या आधी एकच विचारते. तुमचा अर्ज अजून उभा आहे का? की चार महिन्यांत मन बदललं? बदललं असेल तर मी समजून घेईन, फक्त सरळ सांगा. दोमितिला.’

त्याखाली सुनेच्या यंत्रानं आपण होऊन छापलं होतं: ‘तुमच्या त्वचेला आणखी एक संधी द्या. पहिल्या खरेदीवर पंधरा टक्के सूट.’

साहेब वाचत होते आणि विल्बेर दुसरीकडे बघत होता. ‘अर्जात कोणतेही तथ्य आढळून येत नाही.’ ते वाक्य साहेबांचं स्वतःचं, चौतीस वर्षं घासून गुळगुळीत केलेलं. ते लोकांना लागत असेल असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

फोन करायचा नाही हा हुकूम मोडून त्यांनी ताक्नाला फोन लावला. सूनबाईनं उचलला.

‘‘सासूबाई बोलणार नाहीत म्हणतात,’’ ती कुजबुजली. ‘‘म्हणतात, प्रकरण दप्तरी दाखल झालंय. आणि काका, करार शनिवारी नाही, उद्याच आहे, पाच वाजता. त्यांनीच राउलला सांगितलं, उगाच लांबवायचं कशाला.’’ मग ती म्हणाली, ‘‘तुम्ही खरंच तसं लिहिलंत काका?’’

मंगळवारी पहाटेच्या बसनं साहेब निघाले. सात तासांच्या वाळवंटात त्यांनी मांडीवर वही ठेवून दुरुस्तीचा अर्ज लिहिला, दोन प्रतींत. दीडच्या सुमारास ताक्नातल्या त्या निळ्या फाटकाची घंटा त्यांनी वाजवली, तेव्हा कोटाला घाम आणि धूळ दोन्ही लागली होती.

दोमितिलाबाई फाटकात आल्या. फाटकाला चौकोनी झडप होती, ती तेवढी उघडली.

‘‘काय काम आहे?’’

‘‘दोमितिला, घोटाळा झाला. ते पत्र मी...’’

‘‘तोंडी नाही. लेखी आणलंय?’’

साहेबांनी अर्ज आत सरकवला. बाईंनी चष्मा लावून तो उलटून पालटून पाहिला. ‘‘ओळखपत्राची प्रत जोडलेली नाही.’’

‘‘बावीस वर्षं ओळखता मला.’’

‘‘गेल्या गुरुवारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं,’’ बाई म्हणाल्या आणि झडप लावली.

साहेब प्रत काढायला धावले. पहिल्या दुकानाचं यंत्र बंद होतं, दुसऱ्यात शाळेची सगळी पुस्तकं झेरॉक्स करायला आलेली एक आई होती. तीन गल्ल्या पायाखाली घालून ते प्रत घेऊन परतले, तर झडपेवर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी: ‘जेवणाची सुट्टी, चारपर्यंत.’ साहेब पायरीवर बसले. ऊन सरकलं तसे तेही सरकले. पावणेचारला राउल एका जाडजूड माणसाला घेऊन आला, तो भाडेकरू. दोघांनी पायरीवरच्या कोटवाल्या म्हाताऱ्याला वळसा घातला आणि आत गेले. आतून कागदांची सळसळ ऐकू आली. साहेबांना वाटलं, संपलं.

चारला झडप उघडली. साहेब उठले, आणि त्यांनी हातातली ओळखपत्राची प्रत, अर्जाची दुसरी प्रत, दोन्ही कोटाच्या खिशात कोंबली.

‘‘मला काही दाखल करायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘चार महिने मी तेलाची आणि तव्यांची पत्रं वाचली, कारण त्यात तुमचं असेल म्हणून. आणि तुमचं आलं तेव्हा न वाचता शिक्का मारला. मी गाढव आहे, दोमितिला. मंगळवारी मी पाव आणि चहा घेतो, आणि मग सात वाजता झोपतो, कारण जागं राहून करायचं काय. घर भाड्यानं देऊ नका. परत या.’’

बाईंनी चष्मा काढला. मग फाटकाची कडी काढल्याचा आवाज आला.

‘‘घर तर भाड्यानं द्यावंच लागेल,’’ त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला.

‘‘या वयात दोन घरांची झाडलोट माझ्यानं होणार नाही. तुमचं आहे ना मोठं? त्या मागच्या खोलीत ऊन येतं का सकाळी?’’

हे समजायला साहेबांना नेहमीपेक्षा जरा वेळच लागला. सूनबाईला आधी समजलं, ती आत जाऊन आणखी एक ताट घेऊन आली. राउलनं करार टेबलावर ठेवला आणि साक्षीदार म्हणून सही करायला साहेबांपुढे पेन धरलं. भाडेकरू म्हणाला, नेहमीचाच मजकूर आहे, वाचायची गरज नाही.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चार पानं होती. ती संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. भाडेकरू घड्याळाकडे बघू लागला, राउलनं खाकरून पाहिलं. दोमितिलाबाई मात्र समोर बसून होत्या, आणि सुपावर ताट झाकत त्यांनी मुलाला दटावलं, ‘‘वाचू दे रे त्यांना.’’